शाफ्ट किती जाड हवा? एका आकड्याचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहिला तर फक्त इंजिनीअर लोकांचा वाटेल. जहाजाच्या इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत जो पोलादी दांडा जातो, ज्याला बंदरावर सगळे नुसतं ‘शाफ्ट’ म्हणतात, तो किती जाड असावा हा तो विषय. प्रश्न एका ओळीचा आहे. त्याचं उत्तरही आज एका ओळीच्या सूत्रात मिळतं. पण त्या सूत्रातले आकडे आले कुठून, असं विचारलं की दोनशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं आणि वाटेत बरेच मोडलेले शाफ्ट भेटतात. आज आपण त्याच वाटेनं जाऊ. थोडं गणित येईल, पण शाळेतलं घनमूळ आठवत असेल तर तेवढं पुरे आहे.

आधी शाफ्ट करतो काय ते पाहू. त्याच्यावर तीन प्रकारचा भार येतो. पहिला पिळाचा. इंजिन एका टोकाला फिरवतं, पाणी दुसऱ्या टोकाला पंख्याला अडवतं, आणि मधला दांडा ओला टॉवेल पिळावा तसा पिळला जातो. यालाच टॉर्क म्हणतात. दुसरा भार रेट्याचा. पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून पाणी पंख्याला पुढे ढकलतं, आणि तो रेटा शाफ्टमधूनच जहाजाला मिळतो. तिसरा भार वाकवण्याचा. पंखा म्हणजे काही टनांचं वजन, आणि ते शाफ्टच्या अगदी शेवटच्या टोकाला लटकलेलं असतं. हे सगळं चालतं खाऱ्या पाण्यात आणि कुणाच्या नजरेला न पडता. इंजिनात काही बिघडलं तर आवाज येतो, वाफ येते, तेल गळतं. शाफ्टचं शेवटचं टोक स्टर्न ट्यूबमध्ये, म्हणजे जहाजाच्या मागच्या नळीत बसलेलं असतं. ते पाहायचं तर जहाज गोदीत घेऊन शाफ्ट बाहेर ओढावा लागतो. आपल्या कथेतल्या बऱ्याच अपघातांचं मूळ या न दिसण्यात आहे.

आता सुरुवात करू फ्रान्सपासून. शार्ल कूलोम हे नाव आपल्याला विजेच्या धड्यात भेटलेलं असतं. पण हा माणूस मूळचा लष्करी इंजिनीअर. १७८४ मध्ये त्यानं तारांच्या पिळावर एक निबंध सादर केला. बारीक तारेला वजन टांगायचं, ती पिळायची, सोडायची आणि झोके मोजायचे, असा त्याचा प्रयोग. त्यातून त्याला दिसलं की तारेचा पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे तार दुप्पट जाड केली तर ती पिळायला सोळापट जोर लागतो. पुढच्या पिढ्यांनी याच विचारातून दुसरी गोष्ट काढली. दांडा मोडण्याआधी किती पीळ सहन करील, ते जाडीच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतं. कडकपणा चौथ्या घाताने आणि ताकद तिसऱ्या घाताने. हे दोन्ही घात लक्षात ठेवा, पुढे दोन्ही लागणार आहेत.

त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये गिरण्या वाढत होत्या. पाणचक्की किंवा वाफेचं इंजिन एका जागी आणि यंत्रं दुसऱ्या जागी, त्यामुळे मध्ये लांबच लांब शाफ्ट. ते मोडले की गिरणी बंद. ग्लासगोच्या रॉबर्टसन बुकॅनन या इंजिनीअरने १८१४ मध्ये गिरण्यांच्या शाफ्टवर स्वतंत्र निबंध लिहिला. एव्हाना कारागिरांना एक हिशेब कळला होता. शक्ती म्हणजे पीळ गुणिले वेग. तेव्हा पीळ हवा असेल तर शक्तीला फेऱ्यांनी भागायचं. आणि ताकद जाडीच्या घनावर चालते, म्हणून आलेल्या उत्तराचं घनमूळ काढायचं आणि अनुभवाच्या एका आकड्याने गुणायचं. हॉर्सपॉवर भागिले मिनिटाच्या फेऱ्या, त्याचं घनमूळ, गुणिले एक स्थिरांक. झाली शाफ्टची जाडी. आज जगातल्या मोठ्या जहाजांना जो नियम लागतो त्याचा गाभा अजूनही हाच आहे. दोनशे वर्षांत जी भांडणं झाली, जे प्रयोग झाले, जी जहाजं अडकली, ती सगळी त्या एका स्थिरांकावरून.

हा हिशेब जहाजावर पहिल्यांदा अंगावर आला तो १८३९ च्या सुमारास. ब्रिस्टलमध्ये इझंबार्ड ब्रुनेल ‘ग्रेट ब्रिटन’ हे प्रचंड लोखंडी जहाज बांधत होता. आधीचा बेत असा की दोन्ही बाजूंना पॅडल, म्हणजे मोठी वल्हेचाकं असावीत. चाकं मोठी, म्हणून फिरणार सावकाश. आता आपलं सूत्र आठवा. फेऱ्या कमी म्हणजे भागाकार मोठा, म्हणजे पीळ जास्त. चाकांचा शाफ्ट निघाला तीस इंच जाडीचा. एवढा दांडा घडवायला कुणी लोहार तयार होईना, कारण एवढ्या तापल्या गोळ्यावर पुरेसा जोराचा घाव घालील असा घणच तेव्हा अस्तित्वात नव्हता. इंजिनांचं काम पाहणाऱ्या फ्रान्सिस हम्फ्रीजने ही अडचण जेम्स नॅस्मिथला पत्राने कळवली. नॅस्मिथच्या वहीत २४ नोव्हेंबर १८३९ या तारखेचं एक चित्र आहे, वाफेने उचलल्या जाणाऱ्या घणाचं. ऐरणीच्या वर सरळ उभा सिलिंडर, त्याच्या दांड्याला घणाचं डोकं. जगप्रसिद्ध स्टीम हॅमरचा जन्म असा एका न घडवता येणाऱ्या शाफ्टमुळे झाला.

गंमत पुढे आहे. तो शाफ्ट कधी घडलाच नाही. १८४० मध्ये ‘आर्किमिडीज’ नावाचं पंख्यावर चालणारं जहाज ब्रिस्टलला आलं. ब्रुनेलने त्याच्यावर चाचण्या घेतल्या आणि आपल्या जहाजाची चाकं रद्द करून मागे पंखा बसवायचं ठरवलं. नॅस्मिथचा घण पहिल्यांदा प्रत्यक्षात आला तो फ्रान्समध्ये, ल क्रूझोच्या कारखान्यात. आणि ‘ग्रेट ब्रिटन’ १८४३ मध्ये पाण्यात उतरलं ते पंख्यासह. त्याचं इंजिन मिनिटाला साधारण १८ फेरे घेई. जाडजूड साखळ्यांनी तो वेग वाढवून पंखा साधारण ५३ फेरे घेई. म्हणजे जवळजवळ तिप्पट वेग, आणि तेवढ्याच शक्तीसाठी एक तृतीयांश पीळ. पंख्याच्या शाफ्टचे दोन्ही टोकांचे भरीव तुकडे सोळा इंचांचे पुरले.

मधला लांब भाग मात्र पोकळ होता, लोखंडी पत्रे जोडून केलेली अडीच फुटांहून जाड नळी. पोकळ शाफ्ट ऐकून आपल्याला काळजी वाटते, पण कूलोमचा चौथा घात इथे मदतीला येतो. पिळाचा जवळजवळ सगळा भार दांड्याच्या बाहेरच्या थरावर येतो, गाभा फारसं काम करत नाही. बाहेरच्या व्यासाच्या निम्म्या व्यासाचं भोक आरपार पाडलं तर वजन पाव हिश्शाने कमी होतं आणि ताकद कमी होते फक्त सोळावा हिस्सा, म्हणजे सव्वासहा टक्के. पुढे युद्धनौकांमध्ये पोकळ शाफ्ट सर्रास आले. त्याचा आणखी एक फायदा होता. गाभ्यात दडलेले दोष भोकाबरोबर निघून जायचे.

कारण दोष असायचेच. त्या काळचा मोठा शाफ्ट एकाच ओतीव तुकड्यातून होत नसे. घडीव लोखंडाच्या कांबींचा भारा बांधायचा, भट्टीत पांढरा होईपर्यंत तापवायचा आणि ठोकून एकजीव करायचा. आत कुठे मळी राहिली, कुठे दोन कांबी नीट सांधल्या नाहीत, तर बाहेरून काही कळायचं नाही. ब्रुनेलच्याच ‘ग्रेट ईस्टर्न’ या पुढच्या जहाजाचा साधारण चाळीस टनांचा क्रँकशाफ्ट ग्लासगोमध्ये घडवताना पहिले दोन फुकट गेले, तिसरा स्वीकारला गेला. सूत्र जाडी सांगत होतं. त्या जाडीच्या आत खरोखर लोखंड किती आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग काय करायचं? स्थिरांक वाढवायचा. अज्ञानाची भरपाई इंचांनी करायची. आज हसू येतं, पण त्या लोकांकडे दुसरा उपाय नव्हता.

पंखा मागे गेला आणि नवाच त्रास सुरू झाला. शाफ्ट जहाजाच्या पोटातून बाहेर पडतो तिथल्या पितळी बेअरिंगा भराभर झिजू लागल्या. बेअरिंग झिजली की शाफ्ट खाली बसतो, हादरतो, पाणी आत येतं. यावर लंडनच्या जॉन पेनने १८५४ मध्ये पेटंट घेतलं ते चक्क लाकडाचं. लिग्नम व्हायटी हे अमेरिका खंडातलं अतिशय कठीण लाकूड, ज्यात स्वतःचाच चिकट तेलकट अंश असतो. त्याच्या पट्ट्या बेअरिंगमध्ये बसवायच्या आणि समुद्राचंच पाणी वंगण म्हणून खेळवायचं. ही युक्ती इतकी चालली की शंभर वर्षांहून जास्त काळ जहाजं या लाकडावर फिरली. पण लाकूडही झिजतंच, फक्त सावकाश. आणि पाणी खेळवायचं म्हणजे शाफ्टच्या सर्वांत जास्त भार सोसणाऱ्या भागाजवळ खारं पाणी येणार. त्यासाठी शाफ्टवर गनमेटलचा किंवा पितळेचा वेष्टणासारखा लायनर चढवायची पद्धत आली. त्या लायनरच्या टोकाशी पाणी झिरपलं की काय होतं, ते पुढे येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलाद आलं, जहाजं मोठी झाली, आणि मग शाफ्ट मोडायच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या. मार्च १८९० मधली गोष्ट. ‘सिटी ऑफ पॅरिस’ हे दोन पंख्यांचं वेगवान प्रवासी जहाज न्यूयॉर्कहून लिव्हरपूलकडे येत होतं. आयर्लंडजवळ त्याचा उजवा शाफ्ट मागच्या टोकाशी तुटला. पंखा गेला, आणि अडवणारं काहीच न उरल्याने हजारो हॉर्सपॉवरचं इंजिन सुसाट सुटलं आणि स्वतःच फुटलं. त्याच्या तुकड्यांनी दोन इंजिनखोल्यांमधली भिंत फोडली आणि दोन्ही खोल्या पाण्याने भरल्या. जहाजाची बाकीची पाणबंद दालनं टिकली म्हणून ते तरंगत राहिलं. त्याला ओढून बंदरात आणलं, प्रवासी वाचले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८९२ मध्ये, ‘अंब्रिया’ या एकाच पंख्याच्या जहाजाचा मुख्य शाफ्ट अटलांटिकच्या मध्यावर निकामी झाला. त्याच्या इंजिनीअरांनी थंडीत, डोलत्या जहाजात, शाफ्टची दुरुस्ती केली आणि जहाज हळूहळू न्यूयॉर्कला नेलं. तेव्हा बिनतारी संदेश नव्हता. जहाज वेळेत आलं नाही तर किनाऱ्यावरच्यांनी नुसती वाट पाहायची.

शाफ्टची भीती तेव्हा किती ओळखीची होती, याचा एक पुरावा साहित्यात सापडतो. आपल्या मुंबईत १८६५ मध्ये जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगची ‘ब्रेड अपॉन द वॉटर्स’ नावाची एक कथा १८९८ च्या ‘द डेज वर्क’ या संग्रहात आहे. तिचं सगळं कथानक एका टेल शाफ्टच्या भेगेवर उभं आहे. गोदीत भेग पाहिलेला एक इंजिनीअर, खर्च टाळणारे मालक, आणि व्हायचं तेच होणं. सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या कथेत लेखक टेल शाफ्टची भेग आणतो, म्हणजे ती गोष्ट वाचकाला अगदीच परकी नसणार.

आता प्रश्न असा की सूत्राप्रमाणे पुरेसा जाड असलेला शाफ्ट मोडतो कसा? याचं अर्धं उत्तर रेल्वेने दिलं होतं. मे १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या विल्यम रँकिनने आस कसे तुटतात यावर लेख लिहिला. भेग जाडी बदलते त्या कोपऱ्यात सुरू होते आणि हळूहळू आत सरकते, हे त्याने दाखवलं. मग प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्हेलरने १८५० आणि ६० च्या दशकांत वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून प्रयोग केले. एकदा लावला तर धातू सहज सहन करील असा भार लाखो वेळा उलटसुलट लावला तर धातू तुटतो. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो.

आता जहाजाकडे या. पंख्याच्या वजनाने शाफ्टचं टोक खाली वाकतं. त्या क्षणी शाफ्टची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. अर्धा फेरा झाला की वरची बाजू खाली जाते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला शाफ्टचा प्रत्येक भाग एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला फक्त ६० फेरे धरा. दिवसाला ८६,४०० वेळा. पंधरा दिवसांच्या प्रवासात बारा लाखांच्या वर. व्हेलरला जे करायला खास यंत्रं बांधावी लागली, ते प्रत्येक जहाज रोज करत होतं. त्यात पंखा बसवायला शाफ्टमध्ये चावीची खाच पाडलेली, तिचे कोपरे धारदार. आणि लायनरच्या टोकातून झिरपलेलं खारं पाणी. गंज आणि थकवा एकत्र आले की पोलादाची सहनशक्ती फारच खाली येते. कोरड्या हवेतल्या प्रयोगात ज्या पातळीखाली पोलाद कितीही फेरे सहन करतं, तशी सुरक्षित पातळी खाऱ्या पाण्यात उरतच नाही.

उरलेलं अर्धं उत्तर हॅम्बुर्गहून आलं. तिथल्या ब्लोम उंट फोस या गोदीतला हेरमान फ्राम मोडलेल्या शाफ्टांचा अभ्यास करत होता. सूत्र धरून चालतं की पीळ सतत एकसारखा आहे. पण वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या धक्क्याधक्क्यांनी जोर देतो. फ्रामने चालत्या जहाजांवर शाफ्टचा पीळ क्षणाक्षणाला मोजला आणि १९०२ मध्ये निष्कर्ष छापले. शाफ्ट म्हणजे एक लांब स्प्रिंग आहे. तिच्या एका टोकाला इंजिनाचं वजन, दुसऱ्या टोकाला पंख्याचं. या जोडीची मागे-पुढे पिळत राहण्याची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत गेलं की झोका वाढत जातो, तसं इंजिनाच्या धक्क्यांची लय या लयीशी जुळली की शाफ्टमधला पीळ सरासरीच्या कितीतरी पट होतो. शाळेत आपण याला अनुनाद म्हणतो. म्हणजे शाफ्ट सरासरी पिळासाठी पुरेसा जाड असूनही एका विशिष्ट वेगाला मोडू शकतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मग शाफ्ट आणखी जाड करू, हा जुना उपाय आता भरवशाचा राहिला नाही. शाफ्ट १० टक्के जाड केला तर चौथ्या घाताने तो सुमारे ४६ टक्के कडक होतो आणि त्याची लय साधारण २० टक्क्यांनी वर सरकते. ती नेमकी रोजच्या चालण्याच्या वेगावर येऊन बसली, तर जाड शाफ्ट बारीक शाफ्टपेक्षा लवकर मोडेल. म्हणून आजही अनेक जहाजांच्या इंजिनखोलीत फेऱ्यांच्या तबकडीवर लाल पट्टा असतो. त्या वेगात थांबायचं नाही, झटकन पार व्हायचं.

हे सगळं माहीत असूनही धडा पुन्हा शिकावा लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजं बांधली. एकसारखा आराखडा, २,५०० हॉर्सपॉवरचं जुन्या धाटणीचं वाफेचं इंजिन, मिनिटाला ७६ फेरे. या जहाजांचे टेल शाफ्ट मोडण्याचे आणि पंखे समुद्रात गळून पडण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा झाले. पिळाच्या कंपनाचा एक धोक्याचा वेग चालण्याच्या वेगाजवळच होता. माल नसलेलं जहाज खवळलेल्या समुद्रात पंखा अर्धवट बाहेर काढी, तेव्हा धक्के आणखी वाढत. भेगा सुरू होत त्या ओळखीच्याच जागी, चावीच्या खाचेच्या पुढच्या टोकाशी आणि लायनर संपतो तिथे. जहाजं एकसारखी असल्यामुळे दोषही एकसारखा दिसला, आणि युद्धानंतर टेल शाफ्टवर प्रत्यक्ष मोजमापांचा मोठा अभ्यास झाला.

आता आजच्या सूत्राकडे येऊ. जहाज विमा उतरवण्यालायक आहे की नाही, हे ठरवणाऱ्या वर्गीकरण संस्था असतात. सर्वांत जुनी लॉइड्स रजिस्टर, १७६० मध्ये लंडनच्या एका कॉफीगृहाभोवती सुरू झालेली. आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ मध्ये स्थापन झाली, तिचं मुख्यालय पवईला आहे. या संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ १९६८ मध्ये झाला, आणि शाफ्टच्या जाडीचा त्यांचा नियम आता एकच आहे. तो असा वाचायचा. किलोवॅटमधली शक्ती भागिले मिनिटाच्या फेऱ्या. त्याला ५६० ने गुणायचं आणि पोलादाची ताणशक्ती अधिक १६० या बेरजेने भागायचं. शाफ्ट पोकळ असेल तर चौथ्या घाताची दुरुस्ती. सगळ्याचं घनमूळ. आणि शेवटी दोन गुणक. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं.

ते दोन गुणक म्हणजे आतापर्यंतचा सगळा इतिहास आहे. पहिला गुणक टर्बाइनसाठी ९५ आणि नेहमीच्या डिझेलसाठी १००. टर्बाइन एकसारखं फिरवतं, डिझेल धक्के देतं. फरक पाचाचा दिसतो, पण घन केला तर डिझेलच्या शाफ्टकडे जवळजवळ १७ टक्के जास्त ताकद मागितलेली असते. दुसरा गुणक जागेनुसार बदलतो. जहाजाच्या आतल्या, जोडपट्टी एकसंध असलेल्या मधल्या शाफ्टला १. पंखा चावीशिवाय बसवलेल्या टेल शाफ्टला १.२२. आणि चावीची खाच असलेल्या टेल शाफ्टला १.२६. आता १.२६ चा घन करून पाहा. बरोबर दोन येतो. इंजिन तेच, पीळ तोच, पण मागच्या तुकड्याकडे नियम दुप्पट ताकद मागतो. लटकणारा पंखा, खाचेचे कोपरे, खारं पाणी, सगळं त्या १.२६ मध्ये आहे.

एक उदाहरण करू. इंजिन १०,००० किलोवॅटचं डिझेल, मिनिटाला १०० फेरे, पोलादाची ताणशक्ती ५६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मधला शाफ्ट निदान ४२७ मिलिमीटर, चावीचा टेल शाफ्ट ५३८. आता कुणी म्हणेल, ८०० ताकदीचं भारी पोलाद वापरू, दांडा बारीक होईल. मधला शाफ्ट खरोखर ३८८ वर येतो. पण टेल शाफ्टसाठी नियम ६०० च्या वरची ताकद हिशेबात धरूच देत नाही, त्यामुळे ५३८ चे फक्त ५२८ होतात. भारी पोलाद एकदा ओढून तोडायला जास्त जोर लागतो हे खरं, पण खाच आणि खारं पाणी यांच्यासमोर थकव्याला ते त्याच प्रमाणात टिकत नाही. ही मर्यादा कागदावरच्या ताणशक्तीवर न भाळण्यासाठी घातलेली आहे.

आता हे सगळं आपल्या किनाऱ्यावर कुठे भेटतं ते पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कोकणातल्या मासेमारी बोटींना इंजिनं बसू लागली आणि तेव्हापासून इंजिनं मोठीच होत आली आहेत. जाळं लांब न्यायचं, मासा दूर गेलेला, त्यामुळे नाखवा जुनं इंजिन काढून दुप्पट ताकदीचं बसवतो. शाफ्ट मात्र पुष्कळदा जुनाच राहतो, कारण तो दिसायला ठणठणीत असतो. वरचं सूत्र मोठ्या जहाजांसाठी आहे, लहान बोटींचे नियम वेगळे असतात. तरी कल समजायला ते वापरून पाहू. १०० हॉर्सपॉवर, गिअरबॉक्सनंतर मिनिटाला ६०० फेरे, साधं पोलाद, चावीची खाच. जाडी येते सुमारे ५८ मिलिमीटर. इंजिन २०० हॉर्सपॉवरचं केलं तर ७३. दुप्पट ताकदीला जाडी फक्त पंधरा मिलिमीटरने वाढते, म्हणून डोळ्याला फरक मोठा वाटत नाही. पण जुना ५८ चाच दांडा ठेवला तर त्याच्यातला ताण थेट दुप्पट होतो.

इथे आणखी एक चूक होते, ती फेऱ्यांची. इंजिनावरच्या पाटीवर १,८०० फेरे लिहिलेले असतात. कुणी तोच आकडा हिशेबात घेतला तर ५८ च्या जागी ४० मिलिमीटर उत्तर येतं. पण गिअरबॉक्सने फेरे तिसऱ्या हिश्शावर आणले की पीळ तिप्पट होतो. शाफ्टला इंजिनाची पाटी माहीत नसते, त्याला त्याचे स्वतःचे फेरे माहीत असतात. ‘ग्रेट ब्रिटन’च्या साखळ्यांनी हेच उलट्या दिशेने केलं होतं.

आणि नुसता जाड दांडा घालूनही सुटका नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टर्न ट्यूब एका रेषेत नसतील तर जाड शाफ्ट बारीक शाफ्टपेक्षा जास्त अडून बसतो, बेअरिंगवर जास्त रेटतो आणि स्वतः जास्त ताण घेतो. चांगला मिस्त्री बोट पाण्यात उतरल्यावर जोडपट्टीमधली फट पुन्हा तपासतो, कारण गोदीत सरळ असलेली बोट पाण्यात किंचित वाकते. बेअरिंग झिजून शाफ्ट खाली बसला असेल तर तीच तपासणी आधी करायची. ‘सिटी ऑफ पॅरिस’चा शाफ्टही झिजलेल्या बेअरिंगमुळे खाली बसलेला होता.

मोठ्या जहाजांचे टेल शाफ्ट आज ठरावीक वर्षांनी तपासले जातात, सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी. पंखा काढायचा, शंकूसारखं टोक स्वच्छ करायचं, चुंबकीय भुकटी टाकून भेग आहे का पाहायचं. केसाएवढी भेगही त्यात रेषेसारखी दिसते. लहान बोटींच्या बाबतीत हे बहुधा पावसाळ्याच्या बंदीत, बोट वर ओढलेली असताना होऊ शकतं. खर्च फार नसतो. पंखा उतरवायचा, चावीच्या खाचेची टोकं आणि लायनरची कड घासून स्वच्छ करायची, भिंगाने बघायची, आणि शंका आली तर वर्कशॉपमध्ये भेग तपासून घ्यायची. समुद्रात शाफ्ट तुटला तर पंखा जातो, आणि तुटका दांडा मागे सरकला तर नळीतून पाणी आत येतं. तेव्हा बोटीवर तांडेल आणि खलाशी असतात, सूत्र लिहिणारे कुणी नसतात.

कूलोमच्या तारेपासून पवईच्या नियमपुस्तकापर्यंत घनमूळ तेच राहिलं. बदलत गेले ते त्याच्या बाजूचे आकडे, आणि प्रत्येक बदलामागे कुणीतरी तुटलेलं टोक हातात धरून ते कुठून सुटलं, याचा शोध घेतलेला आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हटलं की या नियमातला १.२६ उगीच जास्त आहे, थोडा कमी केला तर चालेल, तर त्याला हा इतिहास सांगा.